दोन स्कॅनच्या मधली प्रार्थना



बेळगावच्या आमच्या मंडळीत प्रार्थना-विनंतीची एक वही आहे. गेली बारा वर्षे ती वही सांभाळणे आणि तिच्यातल्या नावांप्रमाणे घरोघरी, दवाखान्यात भेटी देणे हे काम माझ्याकडे आहे. वहीत नाव आले की आपण प्रार्थना करतो, आणि पुढे बहुधा दोनपैकी एक गोष्ट घडते. माणूस बरा होतो, मग उपकारस्तुती आणि साक्ष. किंवा माणूस प्रभूजवळ जातो, मग सांत्वनाची उपासना. दोन्ही वेळी त्या नावावर रेघ ओढता येते.

काही नावांवर मात्र रेघ ओढता येत नाही. आजार जात नाही आणि देवाच्या दयेने माणूसही जात नाही. असे नाव तीन-चार महिने वाचले जाते. मग कुणीतरी हळूच विचारते, "अजून यांचं नाव आहेच का?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. न संपणाऱ्या आजाराशी कसे वागावे हे आपल्याला कुणी शिकवलेले नसते, एवढेच.

माझ्या मिस्टरांचे नाव तसे आहे. त्यांच्या मेंदूच्या तळाशी, पियुषिका ग्रंथीजवळ एक साधी गाठ आहे. नऊ वर्षे झाली. कर्करोग नाही. ती हळूहळू वाढते, आणि आम्ही तिच्यावर लक्ष ठेवून जगतो. हे सगळे त्यांच्या परवानगीने लिहीत आहे. "लिही की," ते म्हणाले, "कुणाच्या तरी कामाला येईल."

आधी ही जागा कुठे आहे ते सांगते, कारण आम्हालाही ते समजायला वेळ लागला. पियुषिका ग्रंथी, म्हणजे डॉक्टर जिला पिट्युटरी म्हणतात ती, वाटाण्याएवढी असते. वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. नाकाच्या मुळापासून सरळ मागे गेले की कवटीच्या तळाशी हाडाचा एक खळगा आहे. त्याचा आकार खोगिरासारखा म्हणून जुन्या शरीरशास्त्रज्ञांनी त्याला 'तुर्की खोगीर' असे लॅटिन नाव दिले. त्या खोगिरात ही ग्रंथी बसलेली. थायरॉइडने किती काम करावे, मूत्रपिंडावरच्या ग्रंथींनी कॉर्टिसोल किती बनवावे, मुलाने किती उंच व्हावे, बाईची पाळी कधी यावी, शरीराने पाणी किती राखावे, या सगळ्याचे निरोप तिथून सुटतात. तिच्या थोडे वर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना भेटतात. उजव्या-डाव्या बाजूंनी मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या रोहिण्या जातात. म्हणजे गाठ स्वभावाने साधी असली, तरी तिने बसायला निवडलेली जागा साधी नाही.

या भागातल्या बहुतेक गाठी ग्रंथीतूनच निघतात. त्यांना अ‍ॅडेनोमा म्हणतात. काही मेंदूच्या आवरणातून येतात, त्या मेनिन्जिओमा. अशा लहान गाठी आपल्याला वाटतात तेवढ्या दुर्मिळ नाहीत. दुसऱ्याच कारणाने मृत्यू आलेल्या लोकांच्या तपासण्यांत साधारण दहांपैकी एकाच्या पियुषिकेत छोटी गाठ सापडते, आणि त्यांतल्या बहुतेकांना आयुष्यभर तिचा पत्ताही लागलेला नसतो. डोकेदुखीसाठी किंवा पडल्यामुळे एमआरआय काढला आणि अचानक ही गाठ दिसली, असे पुष्कळांचे होते. म्हणून कुणाच्या रिपोर्टवर 'ब्रेन ट्यूमर' हे शब्द दिसले की लगेच रडारड सुरू करू नये. कुठली गाठ, केवढी, आणि ती कशावर दाब देते, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. दहा मिलिमीटरच्या आतली असेल तर तिला लहान म्हणतात, त्यापुढे मोठी.

माझ्या मिस्टरांची २६ मिलिमीटर होती.

ते टेम्पो चालवत. बेळगावच्या बाजारातून भाजी भरायची आणि रात्री चोर्ला घाटातून गोव्यात उतरायचे, पहाटे म्हापसा, पणजी. एकोणीस वर्षांचे असल्यापासून हातात स्टिअरिंग. २०१५ च्या पावसाळ्यात टेम्पोचा डावा आरसा दोनदा फुटला. मग उजवीकडून ओव्हरटेक करणारी मोटारसायकल त्यांना दिसली नाही. ती थोडक्यात वाचली. चोर्ल्यात पावसाळ्यात धुके असतेच, तेव्हा दोष धुक्याला गेला. चष्म्याच्या दुकानात दोनदा नंबर तपासला. समोरच्या तक्त्यावरची शेवटची ओळ ते घडाघडा वाचत. बायबलमधली बारीक अक्षरेही वाचत. पण चर्चमध्ये शेजारी कुणी येऊन बसले तर दचकत. आम्ही हसायचो.

त्या वर्षभरात आणखीही काही बदलत होते. ते सारखे दमत. उन्हाळ्यात अंगावर चादर घेत. दाढी चार-चार दिवसांनी करावी लागे. जेवण कमी झाले होते. घरात मोठी माणसे म्हणत, "आळशी झालाय." संसारातल्या इतर गोष्टी मी इथे लिहीत नाही, पण नवरा-बायकोने त्या डॉक्टरांपासून लपवू नयेत, कारण ग्रंथी काम करीनाशी झाल्याची तीही खूण असते. एका लॅबमध्ये थायरॉइडची टीएसएच तपासणी केली, ती नॉर्मल आली, आणि विषय संपला. पुढे हार्मोनच्या डॉक्टरांनी समजावले की दोष थायरॉइडमध्ये नसून वरच्या पियुषिकेत असेल, तर एकट्या टीएसएचवरून ते कळत नाही. टी-४ सुद्धा पाहावे लागते. त्यांचे ते कमी होते, आणि सकाळचे कॉर्टिसोल तर फारच कमी.

अखेर एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना फील्ड टेस्टच्या यंत्रासमोर बसवले. हनुवटी टेकवायची, मधल्या दिव्याकडे बघत राहायचे, आणि कडेला कुठेही ठिपका चमकला की बटण दाबायचे. पाच मिनिटांनी मिस्टर म्हणाले, "मशीन बंद पडलं काय? दिवेच लागेनात." दिवे लागत होते. छापून आलेल्या नकाशावर उजव्या डोळ्याची उजवी बाजू आणि डाव्या डोळ्याची डावी बाजू काळी होती. डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात तिथे खालून दाब आला की असे बाहेरच्या बाजूंचे दिसणे जाते, आणि तेही इतके हळू की माणसाला आपले काही हरवले आहे हे जाणवतच नाही. घोड्याला झापड बांधावी तसे झाले होते. अशा डोळ्यांनी ते रोज रात्री घाट उतरत होते. त्या वर्षभरात देवाने रस्त्यावर किती जणांना राखले, ते त्यालाच ठाऊक.

बेंगळुरूच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा प्रोलॅक्टिन तपासले. याचे कारण वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. गाठ जर प्रोलॅक्टिन बनवणारी असेल, तर पुष्कळदा कॅबरगोलीन नावाच्या, आठवड्यातून एक-दोनदा घ्यायच्या गोळीनेच ती आकसते. ऑपरेशन लागतच नाही. अशी गाठ तरुण बायकांत जास्त आढळते. पाळी चुकते, बाळ नसताना छातीतून दूध येते, दिवस राहत नाहीत. आपल्या घरांतून मूल नसलेल्या सुनेला काय काय ऐकावे लागते हे मी भेटींत पाहिले आहे. तिच्यासाठी उपास-प्रार्थना जरूर करा. पण त्या आधी तिला आणि तिच्या नवऱ्याला, दोघांनाही, तपासणीला घेऊन जा. रक्ताच्या एका साध्या तपासणीने एखाद्या घरातली कितीतरी वर्षांची रडारड थांबू शकते.

मिस्टरांची गाठ त्या जातीची नव्हती. ती कुठलेच हार्मोन जास्त बनवत नव्हती, फक्त जागा अडवत होती. अशा गाठीला गोळीचा फारसा उपयोग नाही. नजर जात होती म्हणून ऑपरेशन. तेही आधी कॉर्टिसोलची गोळी, म्हणजे हायड्रोकॉर्टिसोन, सुरू करून आणि मग थायरॉइडची. हा क्रम उलटा झाला तर जिवावर बेतू शकते, असे डॉक्टरांनी आम्हाला दोनदा बजावले.

ऑपरेशन नाकातून करतात हे ऐकून माझी सासू घाबरली. "मेंदूचं ऑपरेशन नाकातून कसं हो?" वाट मात्र जुनी आहे. १९०७ मध्ये ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला हर्मान श्लोफर यांनी या बाजूने पियुषिकेची गाठ पहिल्यांदा काढली. आता दुर्बिणीने करतात, चेहऱ्यावर टाकाही दिसत नाही. आपल्या देशातल्या मेंदूच्या शस्त्रक्रियेची गोष्ट तर आपल्या लोकांनी अभिमानाने सांगावी अशी आहे. एक खाटेपासून डॉ. आयडा स्कडर यांनी वेल्लोरला सुरू केलेल्या ख्रिस्ती दवाखान्याचे पुढे वैद्यकीय महाविद्यालय झाले, आणि तिथे १९४९ मध्ये डॉ. जेकब चांडी यांनी न्यूरोसर्जरीचा भारतातला पहिला विभाग उभा केला. आपल्या जवळच्या मिरजेत डॉ. वानलेस यांनी मिशन हॉस्पिटल सुरू केले ते १८९४ मध्ये. चाकू आणि प्रार्थना एकाच छपराखाली नांदतात हे आपल्या वाडवडिलांना कुणी समजावून सांगावे लागले नाही. अलीकडे मात्र सांगावे लागते. त्याविषयी पुढे लिहिते.

ऑपरेशन फेब्रुवारी २०१६ मध्ये झाले. पहिले काही दिवस तोंडाने श्वास, वाकायचे नाही, नाक शिंकरायचे नाही, जोर करायचा नाही. लघवी बाटलीत मोजायची, कारण पाणी राखणारे हार्मोन बंद पडले तर माणूस सारखा पाणी पितो आणि सारखी लघवी होते. नाकातून पाण्यासारखे स्वच्छ काही गळते का, हे तासातासाला बघायचे. ते मेंदूभोवतीचे पाणी असू शकते. तिसऱ्या दिवशी नर्सबाई आत आल्या आणि मिस्टरांनी मान न वळवता विचारले, "सिस्टर, तुमच्या हातात हिरवा ट्रे आहे ना?" ट्रे त्यांच्या डाव्या हाताला होता. मी बाहेर जाऊन जिन्यात रडले.

सगळी नजर एकदम आली नाही. काही दिवसांत बरीच आली, काही महिन्यांत आणखी थोडी, आणि दोन्ही डोळ्यांचा वरचा बाहेरचा कोपरा आलाच नाही. मार्काच्या शुभवर्तमानात बेथसैदाच्या आंधळ्याची गोष्ट आहे. प्रभूने त्याच्यावर दोनदा हात ठेवले. पहिल्या स्पर्शानंतर त्याला माणसे दिसली, पण झाडांसारखी धूसर. ही गोष्ट मी रविवारच्या शाळेत कितीतरी वेळा शिकवली असेल, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या स्पर्शाकडे घाईने गेले. त्या दवाखान्यात मला पहिल्या आणि दुसऱ्या स्पर्शाच्या मधला तो माणूस दिसला. अर्धे दिसते आहे, प्रभू समोर उभा आहे, आणि काय दिसते असे विचारले तर खरे तेच सांगायचे आहे. तो "सगळं छान दिसतंय" असे म्हणाला नाही. आणि प्रभू त्याच्यावर रागावला नाही.

सर्जननी ऑपरेशननंतर सांगितले की गाठ बरीचशी काढली, पण उजव्या रोहिणीला चिकटलेला ६ मिलिमीटरचा तुकडा मुद्दाम ठेवला. "तो ओढला असता तर रोहिणीला धक्का लागला असता." आम्हाला धक्का बसला. एवढे सगळे करून गाठ शिल्लक! घरी येईपर्यंत मनात तेच घोळत होते.

त्याच आठवड्यात घरच्या प्रार्थनेत निदणाचा दृष्टांत वाचायला आला. मालकाने चांगले बी पेरले, शत्रूने रात्री निदण पेरले. चाकर म्हणाले, जाऊन उपटून टाकू का? मालक नको म्हणाला. निदण उपटताना गहूही उपटला जाईल. कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. या दृष्टांताचा अर्थ प्रभूने स्वतः सांगितला आहे, शेत म्हणजे जग, आणि तो अर्थ बदलायचा मला अधिकार नाही. पण माझे मिस्टर शेतकऱ्याच्या घरातले. ते वाचून झाल्यावर म्हणाले, "डॉक्टर बरोबरच बोलला बघ. मुळं गुंतली की उपटायचं नसतं. राखण करायची."

राखण हा शब्द तेव्हापासून आमच्या घरात राहिला. राखण म्हणजे नुसते सोडून देणे नव्हे. माळ्यावर बसलेला राखणदार झोपला तर पीक जाते. आमची राखण अशी असते. पहिला एमआरआय ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी, मग दर वर्षी. त्याबरोबर डोळ्यांची फील्ड टेस्ट आणि हार्मोनच्या तपासण्या. ऑपरेशन न झालेल्या मोठ्या गाठीसाठीही साधारण सहा महिन्यांनी पहिला आणि मग वर्षाला एक एमआरआय असा नेम असतो. लहान गाठीला आणखी सवड मिळते. एक गोष्ट एका रेडिओलॉजिस्टनी शिकवली. ते म्हणाले, जुन्या सगळ्या सीडी जपून ठेवा आणि प्रत्येक वेळी बरोबर आणा. हळू वाढणाऱ्या गाठीची तुलना फक्त मागच्या वर्षीच्या फोटोशी केली, तर दर वर्षी 'विशेष फरक नाही' असेच लिहून येते. एखाद्या मिलिमीटरचा फरक मोजणीतलाही असू शकतो. पहिल्या फोटोशी ताडून पाहिले की खरे कळते. आमच्या कपाटात बायबलच्या खालच्या कप्प्यात त्या सीडी वर्षवार लावलेल्या आहेत. २०१६ मध्ये ६. २०१९ मध्ये ७. २०२२ मध्ये ८. मागच्या एमआरआयला ९.

म्हणजे ती वाढते आहे. सावकाश, पण वाढते आहे. आता डॉक्टर किरणोपचाराबद्दल बोलू लागले आहेत. एकाच जागी नेमके किरण सोडायचे. त्याने गाठ नाहीशी होतेच असे नाही, बहुतेकांची वाढ थांबते, आणि ते कळायलाही वर्षे जातात. डोळ्यांच्या नसेपासून गाठ काही मिलिमीटर लांब असेल तोवरच ते सुरक्षितपणे करता येते. म्हणून फार लवकर नको आणि फार उशीरही नको. या वर्षीच्या स्कॅननंतर ठरायचे आहे. निदणाच्या दृष्टांतातही कापणीची वेळ येतेच. मालक वाट पाहतो म्हणजे विसरतो असे नाही.

दोन स्कॅनच्या मधले बारा महिने कसे जातात, हे अशा घरांना विचारावे. पहिले आठ-नऊ महिने माणूस विसरून जगतो. मग तारीख जवळ येते. साधे डोके दुखले तरी मनात चर्र होते. रात्री बाजूला बघितले तर मिस्टर जागे असतात. "काय बघताय?" म्हणून विचारले तर म्हणतात, "घड्याळ दिसतंय काय बघतोय." भिंतीवरचे घड्याळ त्यांच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात आहे. आमच्यातल्या देवावरच्या विश्वासाला अशा रात्रींत काही तडा गेला नाही, असे मी म्हणणार नाही. पण सकाळी उठून आम्ही दोघे गुडघे टेकतो. त्यातली काही सकाळ नुसती गप्प बसण्यात जाते, आणि तीही प्रार्थनाच आहे असे मला वाटते.

सगळ्यात मोठे नुकसान नजरेच्या कोपऱ्याचे नव्हे, टेम्पोचे झाले. फील्ड टेस्टचा शेवटचा नकाशा घेऊन ते दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी किल्ली मुलाच्या हातात दिली. कुणी सांगण्याआधी दिली. शेजारी म्हणाले, अहो, एवढं तर दिसतंय तुम्हाला. ते म्हणाले, "रस्त्यावर दुसऱ्याचं लेकरू असतं." आता ते बाजारात हिशेबाची वही घेऊन बसतात. गोव्याच्या गाड्या सुटायच्या वेळेला उठून चहाला जातात. ते सुटताना बघवत नाही म्हणून.

आता त्या गोळ्यांविषयी. त्यांचे शरीर कॉर्टिसोल पुरेसे बनवत नाही, म्हणून रोज हायड्रोकॉर्टिसोन घ्यावे लागते. सकाळी मोठा डोस, दुपारनंतर लहान. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या गावच्या एका सभेत बाहेरून आलेल्या प्रचारकांनी त्यांना विचारले, प्रभूवर विश्वास आहे तर गोळ्या कशाला? त्यांचे नाव-गाव मी लिहीत नाही. मिस्टरांनी शांतपणे उत्तर दिले, "साहेब, प्रभूने आम्हाला रोजची भाकर मागायला शिकवलं. रोज मागतो म्हणून कुणी अविश्वासू म्हणत नाही. तुमच्या शरीरात हे औषध रोज सकाळी देव बनवतो. माझ्या शरीरात तो दुकानातून पाठवतो."

मी या उत्तरात भर घालणार नाही, फक्त धोका सांगते. ही गोळी अचानक बंद केली तर रक्तदाब खाली जातो, उलट्या होतात, माणूस बेशुद्ध पडतो आणि दगावूही शकतो. ताप आला की डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे डोस दुप्पट-तिप्पट करावा लागतो. निरोगी शरीर आजारपणात आपोआप तेच करते. उलट्या होत असतील आणि गोळी पोटात टिकत नसेल तर घरी थांबायचे नाही, थेट दवाखान्यात जाऊन हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन घ्यायचे. २०१९ च्या पावसाळ्यात मिस्टरांना ताप आणि उलट्या सुरू झाल्या, तेव्हा खिशातले कार्ड उपयोगी पडले. त्यावर आजाराचे नाव, औषध आणि 'अत्यावश्यक: स्टिरॉइड इंजेक्शन' एवढेच लिहिलेले आहे. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरांनी ते वाचले आणि पाच मिनिटांत सुई दिली. असे कार्ड प्रत्येकाने जवळ ठेवावे. आणि पियुषिकेत गाठ असलेल्या कुणाचे डोके अचानक असह्य दुखू लागले, उलटी झाली, दोन-दोन दिसू लागले, पापणी खाली आली किंवा गुंगी आली, तर त्याच क्षणी मोठ्या दवाखान्यात न्यावे. गाठीत रक्तस्राव झाल्याचे ते लक्षण असू शकते. प्रार्थना गाडीत बसून करता येते.

आपण मंडळी म्हणून काय करावे? आमच्या गटाने थोडे बदल केले. प्रार्थनेच्या वहीत आता मागच्या बाजूला वेगळी पाने आहेत. तिथे दीर्घ आजाराच्या माणसांची नावे आणि त्यांच्या तपासणीच्या तारखा असतात, मग आजार मधुमेहाचा असो, किडनीचा असो की मनाचा. तारखेच्या आदल्या आठवड्यात आमच्यातले कुणीतरी जाऊन बसते. रिपोर्ट यायच्या दिवशी एक जण बरोबर जातो, कारण डॉक्टर काय म्हणाले ते घाबरलेल्या माणसाला निम्मेच ऐकू येते. "गाठ गेली का?" असे आम्ही विचारत नाही. "यंदाचा स्कॅन कधी आहे?" असे विचारतो. पहिला प्रश्न ऐकला की आजारी माणसाला वाटते आपण सगळ्यांना निराश करतो आहोत. दुसऱ्याने वाटते, कुणीतरी आपल्याबरोबर राखणीला बसले आहे.

साक्षीबद्दलही सांगते. आपल्याकडे साक्ष म्हणजे "मी आजारी होतो, प्रभूने मला बरे केले." अशी साक्ष ऐकून मी आजही आनंदाने हालेलुया म्हणते. पण मिस्टर कित्येक वर्षे साक्षीला उठले नाहीत, कारण त्यांच्याकडे 'होतो' नव्हते. गेल्या वर्षी कापणीच्या उपकारस्तुतीच्या रविवारी पाळकसाहेबांनी त्यांना बोलावले. ते उभे राहिले आणि एवढेच बोलले: "गाठ आहे. औषध चालू आहे. मुलगा गाडी चालवतो, मी समोरचं बघू शकतो, आणि देवाने मला सोडलेलं नाही." मग खाली बसले. मंडळीत थोडा वेळ शांतता होती. उपासना संपल्यावर तीन जण त्यांच्याकडे आले. तिघांकडेही कधी न संपणारे काहीतरी होते, आणि त्यांनी ते आजवर कुणाला सांगितले नव्हते.

वाचकहो, तुमच्या मंडळीतही असे कुणी असेल. त्याच्या घरी जा. त्याच्या आजाराचे नाव नीट शिकून घ्या. त्याच्या पुढच्या तपासणीची तारीख तुमच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आपण प्रार्थना करू या.

हे प्रभू, जे उपटता येत नाही त्याच्याबरोबर जगणाऱ्या सर्वांना आजच्या दिवसापुरते बळ दे. डॉक्टरांना थांबण्याचे आणि हात घालण्याचे, दोन्ही वेळांचे शहाणपण दे. जे एमआरआयच्या बोगद्यात एकटे पडून आहेत त्यांच्याजवळ राहा. जे बाहेर बाकावर बसून आहेत त्यांच्याजवळही राहा. तुझ्या मंडळीला कंटाळा येऊ देऊ नकोस. आणि आमच्या डोळ्यांना जे कोपरे दिसत नाहीत तिथे उभ्या असलेल्या माणसांकडे आमची मान वळव. येशूच्या नावात मागतो. आमेन.